लहानूमामाची हरकत

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथं हजर होतो. म्हणजे मी इथंच होतो, पण ज्यानं मला सांगितली तो हजर होता. तोही बाहेर गाडीत झोपला होता, पण काच खाली होती.

तर एका गावात एक भोळा मामा होता. नाव लहानू. त्याची बहीण कुसुम विलायतेत राहायची. तिच्या लेकीचं, शलाकाचं, तिथल्याच कोलिनशी लग्न ठरलं. पाठीशी मामा उभा नसेल तर लग्न लागायचं कसं? कुसुमनं तिकीट धाडलं. फोनवर बजावलं, "दादा, नुसतं उभं राहायचं. पोरीचं तेवढं सुरळीत पार पडू दे."

पहिल्याच दिवशी कोलिनच्या घरी चहा. मामाचं इंग्रजी शाळेतलं, मोडकं, पण चालून गेलं. कोलिनच्या आईनं केक पुढे केला. "घेणार?"

"नको."

आपल्याकडे पहिलं 'नको' कुणी धरतं का? दुसऱ्यांदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा शपथ घालतात, मग ताटात पडतंच. मामा आग्रहाची वाट बघत बसला. बाईनं केक उचलून कोलिनपुढे ठेवला. कोलिननं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, मग त्यानं खाल्ला. वर तिनं त्याचं तोंडही पुसलं.

मामा उपाशी घरी आला. कुसुम म्हणाली, "दादा, इथं एकदाच विचारतात. पहिल्या फटक्यात 'हो' म्हणायचं."

"बरं."

दुसऱ्या दिवशी मामा बागेत बसला होता. पोलीस एक चुकलेला कुत्रा घेऊन आला. "हा तुमचा का?"

"हो!"

कुत्रा घरी आला. सोफ्यावर झोपला. संध्याकाळी त्याची मालकीण रडत दारात. कुसुमनं कपाळावर हात मारला. "अरे, आपलं नाही ते आपलं म्हणू नये! 'हा आमचा नाही, याची मालकीण दुसरी आहे,' एवढं सांगता येत नाही?"

"बरं."

तिसऱ्या दिवशी सगळे हॉटेलात जेवायला. निघताना पोऱ्यानं खुंटीवरचा कोट आणून दिला. "आपलाच ना?"

"हा आमचा नाही. याचा मालक दुसरा आहे."

खोटं कुठं होतं? कोट कुसुमच्या नवऱ्याचा होता, थंडीपुरता मागून घेतलेला. पोऱ्यानं तो परत नेला. मामा कुडकुडत घरी. कुसुमचा नवरा भडकला. "अहो लहानूराव, मी समोरच बिल देत होतो की! मालक समोर असला तर बोट दाखवावं माणसानं!"

"बरं."

लग्नाचा दिवस उजाडला. सरकारी कचेरी. टेबलामागे साहेबीणबाई. शलाकाच्या पाठीशी मामा, ताठ. समोर कोलिन. पहिल्या खुर्चीत कोलिनची आई, हातात त्याचा रुमाल आणि त्याचा मफलर.

साहेबीणबाईंनी विचारलं, "या लग्नाला कुणाची हरकत आहे का?"

इथं एकदाच विचारतात.

"हो!" मामा गरजला.

शलाका पांढरीफटक पडली. बाईंनी पेन खाली ठेवलं. "काय हरकत आहे?"

मामानं कोलिनकडे पाहिलं. "हा आमचा नाही. याची मालकीण दुसरी आहे."

"दादा!" कुसुम किंचाळली.

"कोण मालकीण?" बाईंनी विचारलं.

मामानं बोट दाखवलं. पहिली खुर्ची.

कोलिनची आई उठून उभी राहिली. डोळे भरून आलेले. "अखेर कुणीतरी बोललं बाई!" मग मफलर पुढे करून, "चल रे कोलिन, बाहेर गारवा आहे."

कोलिननं शलाकाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. मग मफलर गुंडाळला.

दोघं गेल्यावर शलाका बराच वेळ दाराकडे बघत राहिली. कुसुम मामाला मारायला धावली, तर शलाकानं मध्ये हात घातला. ती हसत होती की रडत होती, गाडीतल्या माणसाला नीट कळलं नाही. तिनं सोबत आणलेला लग्नाचा केक कापला आणि मामापुढे धरला.

"घेणार, मामा?"

"हो."

यातलं मी पदरचं काय घातलं म्हणाल, तर कुत्रा खरा, कोट खरा, मफलर तर अगदी खरा. फक्त सुरुवातीला 'भोळा' म्हणालो ना, तेवढं रचलेलं.