एका काडीचा लेंपर

दूर जावा बेटावर, निळ्या-हिरव्या डोंगराच्या कुशीत, लारस नावाची एक चिमुरडी आणि तिची सिंबोक राहायच्या. सिंबोक म्हणजे आई. ती लेंपर करून विकायची. आता लेंपर म्हणजे काय? सांगते! नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात, त्याच्या पोटात कोंबडीचं मसालेदार सारण, वरून केळीच्या पानाची गुंडाळी आणि दोन्ही टोकांना बांबूची एकेक काडी टोचलेली. आपल्या पातोळीची लांबची मावसबहीणच म्हणा ना!

घरातलं सारण संपलं, आणि ते नेहमीच संपायचं, की सिंबोक नुसत्या भाताचे लेंपर वळायची आणि त्यांना एकच काडी टोचायची. म्हणायची, "पोकळ ते पोकळ. गिऱ्हाईक फसायला नको."

पण तापातून उठल्यापासून सिंबोकची भूकच हरवली होती. तीन दिवस पोटात घास नाही. सकाळी लारसनं उरल्यासुरल्या चिमूटभर सारणाचा लेंपर केला, तोही तिनं हळूच बाजूला सारला. "नको गं राणी."

तो भरलेला आणि एक पोकळ, असे दोन लेंपर टोपलीत टाकून लारस केळीच्या बागेत पानं आणायला गेली. तिथं केळफुलाची जांभळी पाकळी अलगद उघडली, आणि आत अंगठ्याएवढी परी! पंख दवाचे, झगा सोनसळी.

"मला भूक लागलीय गं. काय आहे त्यात?"

"यात सारण आहे. यात... काहीच नाही." लारस जरा घुटमळली. मग तिनं दोन काड्यांचाच पुढे केला. "पाहुण्याला पोकळ कसा देऊ?"

परीनं तो मिटक्या मारत संपवला. (एवढ्याशा पोटात मावला कसा, ते मला विचारू नका.) मग ती म्हणाली, "आता तू माग. मागशील ते या पोकळात भरते. पण एकदाच मागायचं. आणि तू आत डोकावायचं नाही हं! खाणाऱ्यानंच उघडायचा."

मोती? सोनं? सारण? पण सिंबोक खाणारच नसेल तर? लारस परीच्या इवल्याशा कानात काहीतरी कुजबुजली. परीनं फूऽऽ करून लेंपरवर फुंकर घातली.

वाटेत तो हातात ऊबदार लागायला लागला. आत काहीतरी गुदगुल्या करत होतं. कुठल्या रंगाचं असेल? गोल असेल? आणि काडी तर एकच! दुसरं टोक मोकळंच. पान जरासं बाजूला केलं की... लारसनं ते टोक चिमटीत घट्ट धरलं, ते थेट घर येईपर्यंत.

सिंबोकनं पान उघडलं. आत नुसता पांढरा भात. लारसचा चेहरा एवढासा झाला.

"एकच घास, सिंबोक. माझ्यासाठी."

सिंबोकनं कसाबसा एक घास घेतला. मग दुसरा. मग भराभरा! शेवटी तिनं पान बोटानं पुसून चाटलं.

"अगं, काय भरलंस यात?"

"भूक," लारस हळूच म्हणाली.

"बरी भरलीस! आता भात दे. अजून आहे ना?"

खिडकीत कुणीतरी खुदकन हसलं. केशरी उजेडाचा एक लखलखीत झोत आला, आणि परी त्यात विरघळून गेली. लारसच्या चिमटीत मात्र एक नाजूक सोनेरी काडी लुकलुकत राहिली.

त्या काडीनं टोचलेला लेंपर कधी पोकळ निघाला नाही.