मथुरी गुरविणीचा उलटा कौल

फार वर्षांपूर्वी, खाडीला पूल नव्हता तेव्हा हे घडलं. खोतांच्या घरात वेगळं सांगतात. सांगू देत. आमच्या बायकांनी सांगितलं ते असं.

अवसेच्या सकाळी एका मचव्यानं खारशेत गावासमोर, खाडीतल्या वाळूच्या दांड्यावर तीस-चाळीस माणसं उतरवली आणि मचवा निघून गेला. त्यांचं गाव लुटारूंनी जाळलं होतं. भाषा कुणाला कळेना. पण म्हातारे, पोरं, एक पोटुशी बाई, हे तर डोळ्यांना दिसत होतं. दुपारी उधाणाची भरती येणार, दांडा बुडणार, हेही ठाऊक होतं. तरी होडी कुणी सोडली नाही. परक्याला गावात घ्यायचं तर जाखमातेचा कौल लागे. देवीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

पाकळ्या लावायची मथुरी गुरवीण. नवरा आंधळा झाल्यापासून काम तिच्याकडे आलं होतं. विचारायचा मान खोतांचा.

"आई, ह्यांना ठेवू का?" खोतांनी विचारलं. पाकळी हलेना. सात वेळा विचारलं. तिकडे दांड्यावरची माणसं गुडघाभर पाण्यात उभी, पोरं खांद्यावर. असं म्हणतात, त्यातलं एकही ओरडत नव्हतं. नुसती गावाकडे बघत होती.

"आई बोलत नाही, आपण काय करणार?" खोत म्हणाले.

"विचारणंच चुकतंय, काका. मी विचारते."

"तू गप पाकळ्या चिकटव!"

"चिकटवल्यात की. तुमचं तोंड बघून पडत नाहीत, त्याला मी काय करू?"

मथुरी पुढे झाली. "आई, आम्ही राहू का?"

डावी पाकळी पडली.

असं म्हणतात, तेव्हा घराघरातल्या चुली एकदम विझल्या. गुरं दावी सोडवून, मागे न बघता गावाबाहेर चालू लागली. खोतांनी खाली पाहिलं तर भर उन्हात त्यांना सावली नव्हती. कुणालाच नव्हती. दांड्यावरच्या माणसांच्या सावल्या मात्र पाण्यावरून लांबत लांबत गावाच्या उंबऱ्यांपर्यंत आल्या होत्या.

"झालात ना बिनगावाचे?" मथुरी म्हणाली. "आता सोडा होड्या. ती माणसं तरी आपल्याला ठेवून घेतात का बघू."

होड्या सुटल्या. मथुरी स्वतः दांड्यावर उतरली, एकेकाला हात देऊन चढवत राहिली. शेवटच्या होडीत एकाचीच जागा उरली. तिथं तिनं एका म्हातारीला बसवलं आणि म्हणाली, "मी पुढच्या खेपेला." पुढच्या खेपेला दांडाच नव्हता. देवळात उजवी पाकळी पडलेली होती, आणि ती खारट पाण्यानं भिजलेली होती, असं म्हणतात.

तेव्हापासून खारशेतात परक्यासाठी कौल लावत नाहीत. बागेत नेपाळी राखणदार येवो की होडीवर परमुलखातला खलाशी, मथुरीच्या नावानं त्याला पहिल्या दिवशी जेवण आणि पडवी मिळते. दवाखान्यात, शाळेत, कचेरीत बरोबर जायला गावातलं एक माणूस मिळतं. कौल लागतो वर्षातून एकदा, अवसेच्या दुपारी, गावासाठीच. विचारते बाई, मथुरीच्याच शब्दांत, "आई, आम्ही राहू का?" आणि उजवी पाकळी पडेपर्यंत सगळं गाव घरं उघडी टाकून खाडीत उभं राहतं.

एका वर्षी पाणी छातीला लागलं तरी पाकळी पडेना. मग कुणीतरी खाली मान घालून कबूल केलं, की आठवड्यापूर्वी त्यानं एका परक्या बाईला दारातून हाकललं होतं. चार जण धावले, तेव्हापासून एसटी स्टँडवरच राहिलेल्या त्या बाईला हाताला धरून घेऊन आले. तिनं देवळाच्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा उजवी पाकळी पडली.