राघूउष्टं

फार मागची गोष्ट. डोंगरउतारावरच्या एका बागेत आलुबुखाराची झाडं होती. पिकलं की सगळ्यांचं फळ जांभळं होई. एका झाडाचं मात्र पिकूनही हिरवंच राही. माळीण भागूबाई ते कच्चंच समजे.

एक राघू येऊन त्या फळांना चोच मारी. झाड खवळे. "मेल्या, आधीच रंगाची बोंब, त्यात तुझं उष्टं! चालता हो!" मग ते फळं पानांआड लपवू लागलं. राघूला कसंबसं एकच सापडलं.

एके सकाळी भागूबाई कुऱ्हाड घेऊन आली. "नुसती जागा अडवून बसलंय," ती म्हणाली. पहिला घाव घालणार, तोच तिला ते टोचलेलं फळ दिसलं. ती थबकली. "राघू काही कच्च्याला तोंड लावत नाही." तिने शेजारचं फळ चाखलं आणि कुऱ्हाड खाली टाकली.

तेव्हापासून त्या जातीला राघूउष्टं म्हणतात. बाजारात गिऱ्हाईक चोच लागलेलंच फळ आधी मागतं.

झाडाला ते नाव अजून आवडत नाही. राजफळ म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं, असं कुरकुरत असतं. पण हंगामातलं पहिलं फळ पिकलं, की ते हळूच पानं बाजूला सारतं.