पाइपाखालचं ताट

कराडात धोंडिराम मदने नावाचा प्लंबर होता. त्याचा सांधा कधी गळला नाही, असं लोक सांगायचे, आणि त्या नावावरच त्याला कामं मिळायची. एकदा निवृत्त इंजिनियर कर्णिक साहेबांनी माडीवरचं बाथरूम नवं करायला काढलं. जुन्या फरशीवरच त्यांनी नवी फरशी घालून घेतली. त्यामुळे पाइपाच्या तोंडाची, कमोड जिच्यावर बसवतात ती फ्लँजची कडी नव्या फरशीच्या दोन बोटं खाली राहिली.

"साहेब, हिच्यावर अजून एक कडी चढवावी लागंल. नाहीतर गळंल."

"मी धरणं बांधलीत! तू मला शिकवतोस? सिमेंट थाप आणि बसव."

गळलं की नाव आपलंच जाणार, हे धोंडिरामानं ओळखलं. तो हसून म्हणाला, "बसवतो की. फक्त मी पहिली बादली ओतताना तुम्ही खाली स्वयंपाकघरात, बरोबर ह्या पाइपाखाली, ताट घेऊन जेवायला बसा."

साहेबांनी वाकून पाइपात पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ती कडी बाजारात मिळते का रे?"

जिन्यातून बाईसाहेब ओरडल्या, "विचारताय काय? आधी आणा! स्वयंपाक मला करायचाय तिथं!"