पाण्याला नोटीस

शेवंताबाई पाथरुट यांनी आयुष्यभर दगड घडवले. टेकडीवरून सरकारी बागेत उतरणारं पावसाचं पाणी दरवर्षी खालच्या वस्तीतल्या घरांत शिरायचं. म्हणून साऱ्या वस्तीला हाताशी घेऊन त्यांनी बागेत दगडांची भलीमोठी गोगलगाय घडवली. तिच्या शंखाच्या वळणावळणाच्या चरातून पाणी सावकाश फिरायचं आणि मधल्या खड्ड्यात जिरायचं.

आषाढात धो धो पाऊस झाला, तरी एकाही घरात पाणी आलं नाही. माणसं आनंदानं बागेत धावली. तेवढ्यात उद्यान अधिकारी निफाडकर छत्री सावरत आले.

"परवानगीशिवाय बागेत काहीही चालणार नाही. उद्या ही गोगलगाय पाडतो," ते म्हणाले.

शेवंताबाईंनी आवाज चढवला नाही. "नियम सगळ्यांना एकच ना, साहेब?"

"एकच."

"मग आधी पाण्याला नोटीस द्या. वीस वर्षं ते परवानगीशिवाय बागेत घुसतंय. ते यायचं थांबलं, की आम्हीच आमच्या हातांनी गोगलगाय मोडू. एवढं कागदावर लिहून द्या."

लोकांत हशा पिकला. साहेबांनी चरातून फिरणाऱ्या पाण्याकडे पाहिलं, हसू दाबलं आणि खरंच तसं लिहून खाली सही केली.

गोगलगाय अजून तिथेच आहे.