हरबाचा स्कोअर वर कसा गेला

बोरखळी गावात एक भोळा गिरणीवाला राहत होता. नाव हरबा. मनानं चांगला, हातानं कष्टाळू. खोड एकच. सांगितलेलं सगळं ऐकायचा.

एकदा एक बाई गव्हाचा डबा ठेवून म्हणाली, "हरबा, डब्यावर लक्ष ठेव, मी आलेच." आणि ती गेली बाजारात. हरबा डब्यासमोर बसला आणि डब्याकडे बघत राहिला. बाकीची गिऱ्हाईकं ओरडली, भांडली, कंटाळून घरी गेली. संध्याकाळी बाई परत आली तेव्हा हरबाचे डोळे लाल झाले होते. डबा मात्र जागच्या जागी होता.

"दळलं का रे?" बाईनं विचारलं.

"दळायचं कुठं म्हणालात?" हरबा म्हणाला.

तर असा हरबा. एक दिवस त्याच्या गिरणीची मोटर जळाली. मिस्त्री आला, झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "ही गेली."

"कुठं गेली?" हरबानं विचारलं. "समोर तर आहे."

मिस्त्रीनं हरबाच्या बायकोकडे बघितलं. तिचं नाव कौसल्या, गाव तिला कौसा म्हणायचं. कौसा म्हणाली, "नवीन घ्यावी लागेल, असं म्हणतायत ते." आणि ती कपाळाला हात लावून बसली. नव्या मोटरीइतके पैसे घरात नव्हते. बोरखळीची बायामाणसं दळणाचे डबे सायकलीला अडकवून धामणवाडीला जायला लागली. गिऱ्हाईक तिकडं रुळलं तर परत वळवणं अवघड, हे कौसाला ठाऊक होतं.

"तालुक्याला जा," ती म्हणाली. "बँकेत कर्ज मागा."

बँकेत वझरकर मॅडम होत्या. शांत बाई. त्यांनी हरबाची कागदं घेतली, कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि चष्मा वर केला.

"हरबाराव, तुमचा स्कोअर फार खाली आहे हो."

हरबानं वाकून टेबलाखाली बघितलं.

"तिथं नाही. इथं, रिपोर्टमध्ये. तुम्ही कधी हप्त्यावर काही घेतलं होतं?"

"टीव्ही घेतला होता. दुकानदारानं वर एक उधारीचं कार्डही दिलं."

"मग हप्ते का थकले?"

"दुकानदार म्हणाला, न्या टीव्ही, पैसे सावकाश द्या. मी सावकाश देतोय."

मॅडमनी सुस्कारा सोडला. मग नीट समजावून सांगितलं. माणूस घेतलेलं कर्ज कसं परत करतो, याची नोंद राहते. त्या नोंदीवरून प्रत्येकाला आकडा मिळतो. आकडा मोठा तर पत चांगली. आकडा लहान तर बँक दारातून परत पाठवते. "हा घ्या तुमचा रिपोर्ट," त्या म्हणाल्या. "हा स्कोअर वर न्या, मग कर्जाचं बघू."

"वर न्यायचा," हरबा म्हणाला. "कळलं मॅडम."

दुसऱ्या दिवशी सकाळी हरबा बोरखळीच्या पाण्याच्या टाकीवर चढला. अगदी टोकाला. हातात रिपोर्ट धरून उभा राहिला. खाली ही गर्दी! टाकीवर चढलेला माणूस म्हणजे काहीतरी मागणी असणार, असं समजून सरपंच अनवाणी धावत आले.

"हरबा, खाली ये! तुझ्या सगळ्या मागण्या मान्य!"

"माझी मागणी नाही काही," हरबा वरून म्हणाला.

"तीही मान्य!"

शेवटी कौसा आली. "अहो, काय करताय तिथं?"

"स्कोअर वर आणलाय. याच्यापेक्षा उंच आपल्या गावात काही नाही."

कौसानं त्याला उतरवला आणि थेट बँकेत नेला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. हसू आलं ते पदराआड केलं.

"वर म्हणजे आकडा वर, हरबाराव. टीव्हीचे थकलेले हप्ते आधी भरून टाका. आणि यापुढं नेहमी तारखेच्या आधी जायचं. तारीख उलटल्यावर जाऊन काही उपयोग नाही."

"तारखेच्या आधी जायचं. कळलं मॅडम."

कौसानं आपली शेळी विकली आणि थकबाकी भरली. हरबाही शहाण्यासारखा वागायचं ठरवून गावात फिरू लागला. पारावर त्याला कळलं की म्हातारे गेनूअण्णा आजारी आहेत. तो तडक घरी आला, टोपी घातली, खांद्यावर पंचा टाकला आणि अण्णांच्या ओसरीवर जाऊन मोठ्यानं रडायला लागला.

"अण्णा गेले हो! देवमाणूस गेला!"

अण्णा समोरच खाटेवर बसून चहा पीत होते. सर्दी झाली होती त्यांना.

"कोण गेलं रे?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही, अण्णा."

"मी इथं आहे की!"

"हो. पण मी तारखेच्या आधी आलोय. तारीख उलटल्यावर येऊन काही उपयोग नाही, असं बँकेच्या मॅडम म्हणाल्या."

अण्णांच्या मुलांनी काठ्या शोधायला घेतल्या. हरबा पळाला. पण अण्णांचा चहा गार झाला. त्यांचं तोंड पांढरं पडलं. दुसऱ्या दिवशी सर्दी विसरून ते पहिल्या एसटीनं तालुक्याला गेले आणि वझरकर मॅडमसमोर हात जोडून उभे राहिले.

"बाई, नक्की तारीख कुठली आहे तेवढं सांगा. तूर विकायची राहिलीय."

त्यांना समजवता समजवता मॅडमची दुपार गेली. मग हरबा आला, हप्त्याची पावती दाखवायला. पावती बरोबर होती. मॅडमना बरं वाटलं.

"हप्त्यापुरतं तारखेच्या आधी, बरं का. लोकांच्या घरी नाही. आणि ते कार्ड आहे ना तुमच्याकडे, त्यावर जेवढं मिळतं तेवढं सगळं वापरायचं नाही. सगळं वापरणारा माणूस हावरा दिसतो. तिसरा हिस्सा वापरायचा, बाकी तसंच ठेवायचं. म्हणजे पत राहते."

"तिसरा हिस्सा वापरायचा. कळलं मॅडम."

त्याच आठवड्यात कौसाच्या भावाच्या मुलीचं लग्न होतं. मेहुण्यानं हौसेनं हरबाला आहेर केला. कोरी टोपी, कोरा सदरा, कोरी विजार. म्हणाला, "भावजी, हे घालूनच मांडवात या."

हरबा आतल्या खोलीत गेला. आहेर समोर मांडला. तीन वस्तू होत्या. त्यानं विचार केला आणि तिसरा हिस्सा वापरला.

मांडवात सनई चालू होती. हरबा आला. डोक्यावर कोरी टोपी, कमरेला घरची पट्ट्यापट्ट्याची चड्डी. बाकी काही नाही. सनईवाल्याची फुंक चुकली. भटजींनी मंगलाष्टकाचं कडवं दोनदा म्हटलं. नवरदेवाकडची मंडळी एकमेकांना विचारू लागली, हा कोण? हरबा शांतपणे पुढच्या खुर्चीत जाऊन बसला आणि सगळ्यांना नमस्कार करू लागला. त्याच्या मनात एकच समाधान होतं, की आपण हावरे दिसत नाही.

कौसानं मांडवाचा पडदा ओढला आणि त्याला त्यात गुंडाळला.

"भावजी, आमचा आहेर आवडला नाही का?" मेहुणा रडवेला होऊन म्हणाला.

"फार आवडला. म्हणून तर शिल्लक ठेवलाय."

घरी येताना कौसा वाटभर बोलली. "असं काही करायच्या आधी माणसानं विचारावं! चार जणांना विचारावं! विचारायला काय पैसे पडतात?"

"विचारायचं," हरबा म्हणाला. "कळलं."

सोमवारी तो पुन्हा तालुक्याला गेला. वझरकर मॅडम रजेवर होत्या. म्हणून त्यानं बाजूच्या बँकेत विचारलं, "कर्ज मिळेल का?" तिथल्या साहेबांनी त्याची कागदं घेतली, रिपोर्ट काढून बघितला आणि नाही म्हटलं. मग त्यानं पतपेढीत विचारलं. मग फायनान्सच्या दुकानात विचारलं. त्याच्या शेजारच्या दुकानात विचारलं. तालुक्यात कर्ज देणारं एकही दार त्यानं सोडलं नाही. प्रत्येकानं कागदं घेतली, रिपोर्ट काढला, मान हलवली. संध्याकाळी तो रसवंतीवाल्यालाही विचारून आला. रसवंतीवाल्यानं एक ग्लास रस उधार दिला, तेवढीच त्या दिवसाची कमाई.

मॅडम रजेवरून आल्या, रिपोर्ट बघितला आणि खुर्चीत मागं टेकल्या. जेमतेम चढलेला आकडा पुन्हा घसरला होता.

"हे काय केलंत? इतक्या ठिकाणी अर्ज?"

"विचारायला काय पैसे पडतात?"

"पैसे नाही पडत, स्कोअर पडतो! तुम्ही जाल तिथं तुमची चौकशी होते. प्रत्येक चौकशीची नोंद राहते. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. आता चौकशी बंद. अगदी बंद. मी सांगेपर्यंत एकही चौकशी नको."

"चौकशी बंद. कळलं मॅडम."

काही दिवसांनी कौसाची बार्शीची मावशी यायची होती. मावशीला हरबानं कधी बघितलं नव्हतं. कौसा म्हणाली, "दुपारच्या गाडीला जा. हिरवं लुगडं असेल. सामान घ्या आणि घेऊन या."

हरबा फाट्यावर गेला. झाडाखाली हिरव्या लुगड्यातली एक म्हातारी बसली होती. हरबानं तिचं गाठोडं उचलून सायकलीला बांधलं. मग तिला उचलून पुढच्या दांडीवर बसवलं. म्हातारी ओरडायला लागली.

"अरे, कोण तू? कुठं नेतोस मला?"

हरबा गप्प. त्यालाही विचारावंसं वाटत होतं, तुम्ही मावशीच ना? पण त्यानं ओठ घट्ट मिटले. चौकशी बंद होती.

दारात सायकल थांबली. कौसानं म्हातारीकडे बघितलं, म्हातारीनं कौसाकडे.

"ही कोण?" कौसानं विचारलं.

"हळू," हरबा म्हणाला. "स्कोअर पडेल."

म्हातारी निघाली धामणवाडीच्या गिरणीवाल्याची आई. कौसानं तिची माफी मागितली, तिला गरम भाकरी आणि झुणका वाढला. जेवून म्हातारी शांत झाली. सुनेच्या हातच्या जेवणाला नावं ठेवत तिथंच आडवी झाली. तिकडं आई हरवली म्हणून तिच्या मुलानं गिरणी बंद ठेवली आणि शोधायला निघाला. दोन्ही गावांत दळण थांबलं. खरी मावशी तोवर फाट्यावर त्याच झाडाखाली बसून बार्शीच्या परतीच्या गाडीची वाट बघत होती.

त्या दिवसापासून कौसानं ठरवलं, की यांना एकट्याला कुठं सोडायचं नाही. हप्ता भरायला ती स्वतः बरोबर जायची. कार्ड तिनं पिठाच्या कोठीत पुरून ठेवलं. हरबा बँकेत कुणाशी बोलायला लागला की ती त्याचा सदरा ओढायची. लोकांचे भुईमूग फोडून, शेवया करून ती घर चालवत होती. महिने गेले. टीव्हीचे हप्ते फिटले. आकडा हळूहळू चढला.

एक दिवस वझरकर मॅडमचा निरोप आला. कर्ज मंजूर!

कौसानं मारुतीला नारळ वाढवला. गावातला टेम्पो ठरवला, भाड्याचे पैसे हरबाच्या खिशात घातले आणि ती टेम्पोत पुढं बसली. मोटरीचं दुकान बँकेच्या समोरच होतं. तिनं दुकानदाराला मोटर बाहेर काढून ठेवायला सांगितली. हिरव्या रंगाची, चकचकीत. कौसानं तिच्यावरून पदर फिरवला. "मी इथं मोटरीजवळ थांबते," ती हरबाला म्हणाली. "पैसे घ्या आणि सरळ बाहेर या."

आत मॅडमनी सह्या घेतल्या. त्यांनाही आनंद झाला होता. त्या म्हणाल्या, "शेवटी जमवलंत, हरबाराव! आता ही पत सांभाळायची. हे कर्ज जितक्या लवकर फेडाल तितकं चांगलं."

"जितक्या लवकर?"

"जितक्या लवकर."

"कळलं मॅडम."

मॅडम डबा खायला गेल्या. हरबा एका खिडकीसमोर उभा राहिला. रोखपालानं नोटा मोजून दिल्या. हरबानं त्या दोन्ही हातांत धरल्या, कपाळाला लावल्या आणि दोन पावलं सरकून शेजारच्या खिडकीत दिल्या.

"काय भरायचंय?" आतल्या माणसानं विचारलं.

"कर्ज."

"कुठलं?"

"हे."

त्या माणसानं बाहेर डोकावून हरबाकडे बघितलं. नियमात कुठं नको म्हटलेलं नव्हतं. त्यानं नोटा मोजल्या. "बँकेचा खर्च कापून गेलाय, त्यामुळं थोडे कमी पडतायत," तो म्हणाला. हरबानं खिशात हात घातला आणि टेम्पोच्या भाड्याचे पैसे काढून दिले.

तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता.

"मिळाले?" कौसानं विचारलं.

"मिळाले. फेडलेसुद्धा!"

टेम्पोवाल्यानं इंजिन बंद केलं. दुकानदारानं मोटर आत घेतली. कौसानं हरबाचं मनगट धरलं आणि त्याला ओढत आत नेलं. वझरकर मॅडम नुकत्या हात धुऊन येत होत्या. त्यांनी कॉम्प्युटर बघितला. मग पुन्हा बघितला.

"हरबाराव, तुमचं कर्ज बंद झालंय."

"झालंय ना? अजून तर जेवणाची सुट्टीसुद्धा संपली नाही."

"मॅडम, मग आमची मोटर?" कौसानं विचारलं. तिनं पदर डोळ्याला लावला.

मॅडमनी कपाळ चोळलं. "आता काय, नव्यानं अर्ज करावा लागेल. पुन्हा पहिल्यापासून."

कौसा मटकन खाली बसली. हरबानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग खुर्ची पुढं ओढली आणि बाह्या सरसावल्या.

"रडतेस कशाला, कौसे? द्या मॅडम अर्ज. तेही बँक बंद व्हायच्या आत फेडून टाकतो!"