जिथं चूल, तिथं घर

१९९७ सालचा वैशाख होता. जुन्या घरासमोर मी नवं घर बांधलं. जुन्यात माझी विधवा बहीण गोदाक्का राहत होती. ते राहू द्या, असा अर्ज मी केला. नगरपालिकेचे टिपरेसाहेब पाहणीला आले आणि अंगणातूनच म्हणाले, “एका जागेवर एकच घर. जुनं पाडा.”

“साहेब, घर कशाला म्हणायचं?” मी विचारलं.

“सोपं आहे, आजोबा. जिथं चूल, तिथं घर. तुमच्याकडे दोन चुली, म्हणजे दोन घरं. महिन्यानं येतो.”

ते गेल्यावर मी नव्या घरातली शेगडी काढून माळ्यावर टाकली. बायको, मुलं, सुना, सगळे अक्काकडे जेवू लागलो.

महिन्यानं साहेब आले. जुनं घर पाहून कपाळाला आठ्या पडल्या. “अजून उभंच?”

“चूल इथं एकच आहे, म्हणजे घर हेच. हे कसं पाडणार?”

“आणि समोरचं?”

“तिथं चूल नाही. तुमच्या नियमानं ते घरच नव्हे. पण बांधकामाच्या दाखल्यावर ते घर आहे अशी सही तुम्हीच केलीत. आता नियम चुकला की सही, ते तुम्ही सांगा.”

अक्का आतून म्हणाली, “भाऊ, त्यांना आधी जेवू दे. उपाशीपोटी माणसाला सुचत नाही.”

साहेब दोन भाकरी जेवले आणि जुनं घर नव्याचं जोडघर म्हणून ठेवायला परवानगी देऊन गेले.

आई गेल्यावर अक्कानं मला त्याच चुलीवर रांधून वाढवलं होतं. ते ऋण फिटलं.